आंबा संपला की बागेत काय चालतं?

नमस्कार.

जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्यापैकी कितीतरी जणांचे फोन येतात. "आता तुम्ही मोकळेच असाल ना?" असं आपुलकीनं विचारता, आणि मागोमाग "यंदा आंबा कसा येणार?" हेही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर जानेवारी अर्धा सरेपर्यंत आमच्याकडे नसतं. असं का, ते एकदा नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

आमची बाग रत्नागिरी तालुक्यात, कातळाला लागून आहे. शेवटची पेटी मेअखेरीला जाते. मृगाचा पाऊस लागला की झाडावर राहिलेल्या आंब्यावर आमची आशा नसते. राखणीला आलेले नेपाळी गडी आपापल्या गावी जातात आणि घरची माणसं तेवढी उरतात. मग खतं. प्रत्येक मोठ्या कलमाच्या विस्ताराखाली गोल चर खणायचा, त्यात पाच घमेली शेणखत आणि वरखत टाकून माती ओढायची. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुसळधार लागायच्या आत हे उरकलं नाही, तर खत चरात न राहता वहाळाला जातं. त्यातच भाताची लावणी येते. तुमच्या पेटीत आंब्याखाली असतो तो पेंढा याच भाताचा, म्हणून लावणीही आंब्याच्याच कामात धरतो.

पाऊस थोडा उघडला की झाडं तपासतो. एकेका कलमाच्या बुंध्याभोवती वाकून फिरायचं. कुठे लाकडाचा ताजा भुसा पडलेला दिसला की समजायचं, आत भिरूड आहे. भोक शोधायचं, तार वाकवून हळूहळू आत सरकवायची. तार अडते, मऊ लागते, आणि ओढली की अंगठ्याएवढी पांढरी अळी बाहेर येते. ती तशीच राहिली, तर आजोबांनी लावलेलं कलम दोन-तीन वर्षांत बसतं. फांद्यांवरची बांडगुळंही याच दिवसांत कापतो. हे काम मजुरीवर देववत नाही. कुठल्या झाडाला गेल्या वर्षी काय झालं होतं, हे घरच्या माणसालाच आठवतं.

कल्टारबद्दल बरेच जण काळजीनं विचारतात. हापूस एक वर्ष भरपूर धरतो आणि पुढच्या वर्षी रुसतो. तो दरवर्षी धरावा म्हणून कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल हे संजीवक, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान मुळांशी जमिनीत देतात. आम्हीही देतो, पण झाडाच्या घेराप्रमाणे मोजून, आणि फक्त सशक्त झाडांना. म्हाताऱ्या, थकलेल्या कलमांना देत नाही. त्यांचा आंबा कमी येतो, तेवढा येऊ देतो.

साका आणि गवत

ऑक्टोबरमध्ये बेणणी. बागेत कमरेइतकं गवत माजलेलं असतं. पूर्वी ते कापून जाळायचो, आता झाडाखालीच पसरून ठेवतो. त्याचा तुमच्या ताटातल्या आंब्याशी थेट संबंध आहे. बाहेरून पिवळाधमक, वास सुटलेला, आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा आंबट भाग, असा आंबा तुम्हाला कधीतरी मिळाला असेल. त्याला साका म्हणतात. फळ तयार होत असताना तापलेल्या जमिनीतून वर येणारी धग हे त्याचं एक मोठं कारण. कातळावर ही धग जास्त. गवताच्या आच्छादनानं ती अडते आणि साका कमी होतो. पूर्ण जात नाही, आणि बाहेरून तो ओळखताही येत नाही. म्हणून साका निघालेल्या आंब्याचा फोटो पाठवा. तेवढे आंबे आम्ही पुढच्या पेटीत भरून देतो. वाळकं गवत म्हणजे वणव्याची भीतीही आलीच. गडग्याबाहेरचा, म्हणजे दगडी कुंपणाबाहेरचा, पट्टा साफ ठेवायला जानेवारीत चार दिवस जातात ते वेगळेच.

तारीख आधी का सांगत नाही?

पाऊस वेळेत थांबला, ऑक्टोबरचं ऊन लागलं आणि मग थंडी पडली, तर मोहोर येतो. पाऊस लांबला तर मोहोराऐवजी पालवी फुटते आणि सगळं पुढे जातं. मोहोरापासून तयार आंब्यापर्यंत साधारण चार महिने लागतात. डिसेंबरच्या मोहोराचा आंबा एप्रिलमध्ये. मध्ये तुडतुडे आहेत, फुलकिडे आहेत, अवकाळी पाऊस आहे. कणी, म्हणजे मोहोरातलं बारीक फळ, धरलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही गुढीपाडव्याचा किंवा अक्षय्य तृतीयेचा शब्द देत नाही.

नोंदणी 15 जानेवारीनंतर सुरू होते. आगाऊ रक्कम घेतो, कारण जूनपासून येणं थांबतं पण खतं, औषधं, मजुरी चालूच असते, आणि फवारणीचा मोठा खर्च नेमका हंगामाच्या तोंडावर येतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळानं शेवटचा आंबा खाली आला, तेव्हा राहिलेल्या पेट्यांचे पैसे आम्ही परत केले. तोच नियम आजही आहे.

पावसाळ्यात काय मिळेल?

आंब्याचं साठं, आमसुलं आणि कोकम आगळ. तिन्ही एप्रिल-मेच्या उन्हातली, घरी केलेली. आगळ मिठातलं असतं, ते सोलकढीसाठी. साखर घालून सरबत केलंत तर खारट लागेल. साठं पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा. ताजा आंबा मात्र या दिवसांत आमच्या नावानं कुणी देऊ केला, तर तो आमचा नाही.

बाग बघायला जरूर या, पण नोव्हेंबरनंतर. पावसात कातळावरचं शेवाळ फार निसरडं असतं. फोन संध्याकाळी सात ते आठ या वेळात करा, दिवसभर आम्ही रेंजमध्ये नसतो.

एक विनंती. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचाच आंबा त्या नावानं विकता येतो. तरीही रिकाम्या पेट्यांत दुसरीकडचा आंबा भरून विकला जातो. आमची पेटी रिकामी झाली की तिच्यावरचं लेबल फाडा, आणि मगच ती भंगारात द्या.