‘लेडी ओरिएंटेड’ : पडद्यावरच्या मैत्रिणींमागचा इतिहास

‘स्त्रीप्रधान’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. १९८२ चा ‘उंबरठा’ स्त्रीप्रधान आणि १९९१ चा ‘माहेरची साडी’ही स्त्रीप्रधान. एका चित्रपटात बाई घराबाहेर पडून महिला सुधारगृहाची अधीक्षक होते, दुसऱ्यात सासरी सोसत राहते. गोष्टीच्या मध्यभागी बाई आहे, एवढंच तो शब्द सांगतो. तिच्या बाजूने कोण उभं राहतं, ती कोणापाशी मन मोकळं करते, हे त्यात येतच नाही. मैत्री बघायची तर वेगळं तपासावं लागतं: दोन बायका पडद्यावर एकमेकींशी नवरा-प्रियकर सोडून कशावर बोलतात, आणि एकीच्या निर्णयाने दुसरीचं काही बदलतं का.

१९८७ च्या ‘मिर्च मसाला’त मिरचीच्या कारखान्यातल्या बायका एकत्र उभ्या राहिल्या, पण ती एकजूट संकटातून आलेली. मराठीत मैत्रिणींनाच नायिका करणारं ठळक उदाहरण म्हणजे १९९९ चा ‘बिनधास्त’: दोन कॉलेजमैत्रिणी, एक रहस्यकथा आणि पडद्यावर सगळ्या बायकाच. पुढच्याच वर्षी त्याचा तमिळ रिमेक आला. हे उदाहरण मराठीतच विसरलं जातं, याची खंत वाटते.

आज या विषयावर बोलताना ज्या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं, तो जानेवारी २०१७ चा. ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ या हिंदी चित्रपटाला सेन्सॉरने प्रमाणपत्र नाकारलं. पत्रातलं पहिलंच कारण असं, की कथा ‘लेडी ओरिएंटेड’ आहे आणि त्यात बायकांच्या कल्पना आयुष्याहून वरचढ आहेत. तोवर ‘स्त्रीप्रधान’ हे जाहिरातीतलं आणि परीक्षणातलं विशेषण होतं. इथे ते नकाराचं कारण झालं.

बातम्यांमध्ये ‘बंदी’ असं छापून आलं, पण बंदी वेगळी आणि प्रमाणपत्र नाकारणं वेगळं. प्रमाणपत्राशिवाय थिएटरात खेळ लावता येत नाही, म्हणून परिणाम सारखाच दिसतो. पण नकाराला कायद्यात पायऱ्या आहेत. आधी परीक्षण समिती चित्रपट बघते, तिच्याशी पटलं नाही तर प्रकरण पुनरीक्षण समितीकडे जातं, आणि तिथेही अडलं तर तेव्हा ३० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येत असे.

नकारपत्रात चित्रपट प्रमाणपत्रासाठीच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांमधली कलमं मोजून दिली होती. त्यातली दोन मुद्दाम बघण्यासारखी आहेत. दुसऱ्या तत्त्वाचं नववं उपकलम स्त्रियांची मानहानी करणारी दृश्यं नकोत असं सांगतं, दहावं स्त्रियांवरच्या लैंगिक हिंसेच्या दृश्यांबद्दल आहे. दोन्ही बायकांच्या सन्मानासाठी लिहिलेली, आणि बायकांनी स्वतःच्या इच्छेबद्दल बोलणाऱ्या गोष्टीविरुद्ध वापरली गेली. यादीत शेवटी तिसऱ्या तत्त्वाचं पहिलं उपकलमही होतं: चित्रपट सुटे तुकडे धरून नाही, तर एकूण परिणामावरून जोखावा. एकूण परिणाम पाहिला असता तर हेच कलम चित्रपटाच्या बाजूने उभं राहिलं असतं. एप्रिलमध्ये न्यायाधिकरणाने काही कट सांगून ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र द्यायला लावलं. चित्रपट स्त्रियांविषयी आहे किंवा त्यात त्यांच्या आतल्या इच्छा आहेत, एवढ्यावर तो अडवता येत नाही, असंही स्पष्ट केलं. २१ जुलै २०१७ ला तो लागला.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट झाकोळली. चित्रपटातल्या भोपाळच्या चार नायिका जवळजवळ पूर्ण चित्रपटभर आपापलं गुपित एकेकटीच सांभाळतात. घरच्यांनी सगळं उघड्यावर आणल्यानंतर, अगदी शेवटी त्या एकत्र बसतात, फाटलेल्या कादंबरीची पानं जुळवून वाचतात, एक सिगारेट फिरते. मैत्री सुरू होते आणि चित्रपट संपतो. पुढच्याच वर्षी ‘वीरे दी वेडिंग’ चार मैत्रिणींच्या मोकळ्या गप्पांसकट ‘ए’ घेऊन थिएटरात आला. तिथे मैत्री पहिल्या रिळापासून होती.

एप्रिल २०२१ मध्ये अध्यादेशाने ते न्यायाधिकरणच बरखास्त झालं. आता नकाराविरुद्ध थेट उच्च न्यायालय. वकील, तारखा, ठरलेली प्रदर्शनाची तारीख हातची जाणं, कर्जावरचं व्याज, हे छोट्या निर्मात्याला झेपत नाही. मग पहिल्याच समितीने सांगितलेले कट मुकाट्याने मान्य होतात, आणि अशा कटांची बातमीही होत नाही.

जून २०२३ च्या ‘बाईपण भारी देवा’ने मैत्रीची वाट घरातूनच काढली. सहा बहिणी, मनात अढी धरलेल्या, मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. बायकांचे गटच्या गट नटूनथटून थिएटरात आले. बहिणींची गोष्ट असली तरी ती चालते मैत्रीच्याच अंगाने.

२०२४ मध्ये दोन चित्रपट समोरासमोर आले. ‘लापता लेडीज’मध्ये स्टेशनवर टपरी चालवणारी बाई हरवलेल्या नवरीला कामाला लावते आणि तिच्या हातावर पहिली कमाई ठेवते. ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’मध्ये मुंबईच्या दोन मल्याळी नर्सा, घराची कागदपत्रं नाहीत म्हणून बेघर होणाऱ्या स्वयंपाकीणबाईला तिच्या रत्नागिरीकडच्या गावी पोचवायला जातात. टपरीवाली आणि स्वयंपाकीण, दोन्ही भूमिका एकाच मराठी अभिनेत्रीच्या. दुसऱ्या चित्रपटाला कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळाला होता. भारतातर्फे ऑस्करसाठी १३ पुरुषांच्या समितीने ‘लापता लेडीज’ निवडला आणि निवेदनात भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं विचित्र मिश्रण असल्याचं लिहिलं. त्या वाक्यावर टीका झाली ती योग्यच होती. ऑस्करच्या पुढच्या, १५ चित्रपटांच्या यादीत ‘लापता लेडीज’ पोचला नाही. त्या यादीत ब्रिटनने पाठवलेला हिंदी ‘संतोष’ मात्र होता: नवऱ्याच्या जागी पोलिसात लागलेली विधवा आणि तिला हाताशी धरणारी वरिष्ठ महिला अधिकारी. सेन्सॉरने मागितलेले कट निर्मात्यांना मान्य झाले नाहीत, आणि २०२५ मध्ये भारतातलं त्याचं प्रदर्शन थांबलं.