हैदराबाद स्क्वाड्रन
हैदराबाद स्क्वाड्रन : निजामाने विमानांसाठी पैसा दिला म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या 110, 152 आणि 253 या क्रमांकांच्या स्क्वाड्रनना (विमानांच्या तुकड्यांना) मिळालेले नाव. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजामाची तिजोरी, खासगी असो की सरकारी, मुख्यतः शेतसाऱ्यावर भरत असे. म्हणजे या देणगीत इथल्या कापूस-ज्वारीचाही हिस्सा होता. सारा भरणाऱ्या शेतकऱ्याला कुणी विचारले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

पहिली भेट 1918 ची, 110 क्रमांकाच्या बॉम्बफेकी विमानांसाठी. दुसऱ्या महायुद्धात 152 (स्पिटफायर) व 253 (हरिकेन) या लढाऊ स्क्वाड्रनना संस्थानाचे नाव मिळाले. 152 च्या मानचिन्हावर निजामाची पगडी होती. याच सुमारास, सप्टेंबर 1938 पासून, संस्थानात स्टेट काँग्रेसवर बंदी होती आणि वंदे मातरम् म्हणणाऱ्या औरंगाबादच्या विद्यार्थ्यांवर कारवाई चालू होती.

या स्क्वाड्रनमधल्या वैमानिकांपैकी टॉम ग्लीव्ह (1908–1993) यांची कारकीर्द पाहण्याजोगी आहे. 1930 मध्ये ते हवाई दलात आले आणि जून 1940 मध्ये 253 चे प्रमुख झाले. ऑगस्टमध्ये प्रमुखपद दुसऱ्याकडे गेले, तरी ते स्क्वाड्रनमध्येच राहिले. 30 ऑगस्टला त्यांनी पाच मेसरश्मिट 109 ही जर्मन लढाऊ विमाने पाडल्याचा दावा केला. दप्तरी एकच धरले गेले, बाकी चार ‘संभाव्य’. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हरिकेनने पेट घेतला. हरिकेनमध्ये इंधनाच्या टाक्या पंखांत आणि वैमानिकाच्या थेट पुढ्यात असत, त्यामुळे आग लागली की ज्वाळा कॉकपिटमध्येच शिरत. ग्लीव्ह हवाई छत्रीने केंट परगण्यात उतरले, तोवर चेहरा, हात, पाय भाजून निघाले होते. इस्पितळात पत्नीने ‘हे काय करून घेतलंत?’ असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘एका जर्मनाशी भांडण झालं.’

ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात प्लास्टिक सर्जन आर्चिबाल्ड मॅकिन्डो यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून नवे नाक घडवले. भाजलेल्या जागी टॅनिक आम्ल लावायची तेव्हाची पद्धत मॅकिन्डोंनी मोडीत काढली आणि मिठाच्या पाण्याने अंघोळ सुरू केली. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा बऱ्या भरतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. मॅकिन्डोंच्या रुग्णांनी 1941 मध्ये ‘गिनी पिग क्लब’ (गिनी पिग म्हणजे प्रयोगासाठी वापरतात तो प्राणी) काढला, त्याचे प्रमुख ग्लीव्हच. पुढे ते केंटमधल्या मॅन्स्टन हवाई तळाचे प्रमुख झाले. फेब्रुवारी 1942 मध्ये जर्मन युद्धनौकांवर निघालेल्या सहा स्वोर्डफिश विमानांना त्यांनी सलाम ठोकला. सहाही पडली, 18 पैकी 5 जण वाचले. ग्लीव्ह 1953 मध्ये निवृत्त झाले.

152 स्क्वाड्रन उत्तर आफ्रिका व इटलीमार्गे 1943 अखेर ब्रह्मदेश आघाडीवर आली. संस्थानावर मात्र सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय हवाई दलाचीच टेम्पेस्ट विमाने चालून आली. सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निघालेल्या फौजेला त्यांनी वाट मोकळी करून दिली आणि 17 तारखेला निजाम शरण आला. 1956 मध्ये संस्थानाची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. 110 क्रमांकाची स्क्वाड्रन 1971 मध्ये मोडण्यात आली, तोवर ती हैदराबादचेच नाव लावत होती. शेवटी तिच्याकडे हेलिकॉप्टर होती.