कॉलेजच्या आवारात गाडी लावायची आहे? पास, लायसन्स आणि दंडाच्या पावतीबद्दल सगळं

जून-जुलैत प्रवेशाची धावपळ संपली की सोलापुरातल्या कॉलेजांच्या ऑफिसबाहेर दुसरी रांग लागते, ती गाडीच्या पासची. केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात शिकणारी मुलं पुणे महामार्गावरून येतात. शहरातल्या कॉलेजात मोहोळ, अक्कलकोट, बार्शीकडून मुलं येतात, तुळजापूर आणि इंडीकडूनही येतात. गाडीशिवाय अनेकांचं भागत नाही. अडचण एवढीच की पास कोण देतं, दंड कोण करतं आणि तक्रार कुठे करायची, याची सरमिसळ होते. म्हणून आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. गेटच्या आत संस्थेचे नियम चालतात. गेटबाहेरच्या रस्त्यावर मोटार वाहन कायदा आणि वाहतूक पोलीस. दोन्हीकडच्या पावत्या वेगळ्या आणि दाद मागायची दारंही वेगळी.

पाससाठी काय जोडायचं

बहुतेक संस्था एकपानी अर्ज घेतात आणि गाडीला लावायचा स्टिकर किंवा कार्ड देतात. अर्जासोबत साधारणपणे चालू वर्षाचं ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), लायसन्स, विमा आणि पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) यांच्या प्रती लागतात. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं संमतीपत्र आधीच सोबत ठेवा. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, तुमच्याशी नातं आणि "ही गाडी वापरण्यास माझी हरकत नाही" एवढा मजकूर पुरतो. रांगेतून परत यावं लागतं ते बहुधा याच कागदापायी.

विम्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे घोटाळा फार होतो. सप्टेंबर 2018 नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, एकदम पाच वर्षांचा मिळतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या तारखा छापलेल्या असतात. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी, तेव्हा त्याची तारीख बघा. पाच वर्षं झालेल्या गाड्यांचा हा विमा गुपचूप संपलेला असतो आणि घरात कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. नव्या गाडीला पहिलं वर्षभर पीयूसी लागत नाही, त्यानंतर लागते. आरसी आणि लायसन्स मोबाइलवरच्या डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अॅपमध्ये असेल तर पोलिसांना तेच दाखवलं तरी चालतं. कॉलेजचं ऑफिस मात्र छापील प्रत मागू शकतं, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा.

लायसन्स नसेल तर

अकरावी-बारावीच्या मुलांच्या आईवडिलांनी हा भाग नीट वाचावा. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त 50 सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचं असतं. आपल्याकडे घरोघरी असलेल्या स्कूटी 110 किंवा 125 सीसीच्या. गिअर नसला तरी त्या या सवलतीत बसत नाहीत, त्यांना अठरा पूर्णच लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम 199अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत शिकाऊ, म्हणजे लर्निंग लायसन्ससुद्धा मिळत नाही. लेकराच्या हातात किल्ली देताना हे माहीत असायला हवं. क्लासला उशीर झाला तर झाला.

अठरा पूर्ण झाले की परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर लर्निंगचा अर्ज करा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ही परीक्षा घरबसल्या देता येते. ज्यांना तसं जमत नाही त्यांनी वेळ घेऊन आरटीओत जावं. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि प्रकृतीबद्दलचं स्वयंघोषणापत्र लागतं. केंद्रीय नियमांनुसार लर्निंगला वाहनाच्या एका प्रकारासाठी 150 रुपये आणि परीक्षेचे 50 रुपये पडतात. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओत अर्ज करता येतो. त्यामुळे लातूरच्या मुलाला लायसन्ससाठी गावी जायला नको.

लर्निंग सहा महिने चालतं. तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तिचे 300 आणि लायसन्सचे 200 रुपये. या काळात गाडीवर पुढे-मागे 18 सेंटिमीटरच्या पांढऱ्या चौकोनात लाल 'एल' हवा. आणि लर्निंगवर दुचाकी चालवताना मागे मित्राला डबलसीट घेता येत नाही, शिकवणारा लायसन्सधारकच बसू शकतो. हा नियम रोज मोडला जातो. अपघात झाला की मग कागद बघितले जातात.

गेटच्या आतला दंड

चुकीच्या जागी गाडी लावली की सुरक्षारक्षक सीटवर चिठ्ठी चिकटवतो, कुठे चाकाला जॅमर लावतो. हा संस्थेच्या शिस्तीचा भाग आहे. वाहतूक पोलिसांसारखं मोटार वाहन कायद्याखालचं चलान फाडायचा अधिकार सुरक्षारक्षकाला नाही. पैसे मागितले तर संस्थेच्या नावाची, क्रमांक असलेली पावती घ्या आणि पावती मिळत नसेल तर पैसे देऊ नका, सरळ ऑफिसात चला म्हणा. दंड अन्यायाचा वाटला तर गाडी जिथे होती त्या जागेचा फोटो जोडून कॉलेजात प्राचार्यांकडे, विद्यापीठात कुलसचिवांकडे लेखी अर्ज द्या आणि पोचेची सही घ्या. दंडाचा ठराव किंवा नियम कुठे लावलेलाच नसेल तर सरकारी विद्यापीठात माहिती अधिकाराखाली तो मागता येतो. अर्जाला 10 रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

गेटबाहेरचं ई-चलान

आवारात जागा नाही म्हणून बाहेर रस्त्याकडेला गाडी लावली तर नो पार्किंगला पहिल्या वेळी 500 आणि पुन्हा सापडलात तर 1,500 रुपये. गाडी उचलून नेली तर त्याचे पैसे वेगळे. महामार्गालगत गाडी लावणं तर जिवाशी खेळ आहे, तिथे पैशाचा हिशोबच करू नका. लायसन्स नसताना सापडलात तर 5,000, विमा नसेल तर 2,000. ट्रिपल सीटला 1,000 आणि वर लायसन्सही तीन महिने निलंबित होऊ शकतं.

चलान बघायला राज्याच्या महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. पैसे भरायच्या आधी फोटो उघडून बघा. एमएच 13 च्या, म्हणजे सोलापूरच्या पाटीवरचा 3 धुळीने 8 सारखा दिसला की दुसऱ्याचं चलान तुमच्या नावावर येतं. गाडीचा रंग, मॉडेल, आरसा तपासा आणि गाडी तुमची नसेल तर तिथेच तक्रार नोंदवा. 'दादा' वाचता यावं म्हणून 4141 आडवेतिडवे लिहिलेल्या पाट्यांनी हाच गोंधळ वाढतो, शिवाय त्यासाठी वेगळा दंड होतो.

व्हॉट्सअॅपवर "तुमचं चलान" म्हणून एपीके फाइल (मोबाइलवर अॅप टाकणारी फाइल) आली तर ती उघडू नका, लगेच उडवा. सरकार चलान असं पाठवत नाही. ती फाइल टाकली की मोबाइलमधले बँकेचे ओटीपी चोरट्याच्या हाती जातात.

साठलेली चलानं असतील तर राष्ट्रीय लोक अदालतीत तडजोडीने मिटवता येतात. तारखेची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा.

विजयपूर, कलबुर्गीकडून केए पासिंगची, म्हणजे कर्नाटकात नोंदलेली गाडी आणणाऱ्यांसाठी एक सूचना. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, ते मिळायला वेळ जातो. तीन वर्षांच्या पदवीसाठी येत असाल तर पहिल्या सत्रातच अर्ज टाका.