फ्रान्समधील शाळांत इंग्रजीचे भाषा-साहाय्यक: गोव्यातील उमेदवारांसाठी पात्रता, कागदपत्रे व अर्ज

फ्रान्सच्या सरकारी शाळांत परदेशी तरुणांना भाषा-साहाय्यक म्हणून नेमण्याची पद्धत शंभराहून अधिक वर्षांची आहे. पॅरिसजवळच्या सेव्र येथील ‘फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनल’ ही सरकारी संस्था हा कार्यक्रम चालवते आणि भारतीय नागरिकांनाही इंग्रजीसाठी त्यात अर्ज करता येतो. नेमणूक साधारणपणे १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अशी सात महिन्यांची असते आणि काम आठवड्याला १२ तासांचे असते. मुलांना इंग्रजीत बोलते करणे, उच्चार सुधारणे, आपल्या देशाची ओळख करून देणे हे साहाय्यकाचे काम असून वर्गाची जबाबदारी तेथील शिक्षकाकडेच राहते.

उमेदवाराचे वय २० ते ३५ च्या दरम्यान असावे आणि त्याचे काही वर्षांचे पदवी शिक्षण झालेले असावे. तिसरी अट फ्रेंचची आहे आणि आपल्याकडचे बहुतेक अर्ज तिथेच अडखळतात. इंग्रजी माध्यमातून शिकल्यामुळे आपली निवड सहज होईल, असा समज असतो. पण मुख्याध्यापकांशी बोलणे, घर भाड्याने घेणे, बँकेत खाते उघडणे हे सारे फ्रेंचमध्येच होत असल्याने किमान बी-१ स्तराचे (युरोपीय भाषा-मापनातील मध्यम पायरीचे, रोजचे व्यवहार बोलून करता येतील इतके) फ्रेंच यावे लागते. दहावीपर्यंत फ्रेंच विषय घेतला होता, एवढ्यावर हा स्तर गाठला जात नाही. पणजीच्या आलियान्स फ्रान्सेजमध्ये किंवा गोवा विद्यापीठाच्या फ्रेंच विभागात नीट शिकून डेल्फ या फ्रेंच भाषेच्या अधिकृत परीक्षेचे प्रमाणपत्र हाती असेल, तर अर्जाला वजन येते. (ज्यांच्याकडे पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची अध्यापन पात्रता, उदाहरणार्थ बीएड, आहे त्यांच्यासाठी दक्षिण कोरियाचा मार्ग वेगळा आहे: १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात भारतीय इंग्रजी साहाय्यक शिक्षकांची तरतूद आहे.)

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यात फ्रेंचमधील हेतुपत्र, शिक्षकांच्या शिफारशी, पदवीची प्रमाणपत्रे व गुणपत्रिका आणि पासपोर्टची प्रत लागते. फ्रान्सच्या कोणत्या शैक्षणिक विभागात (शाळांच्या प्रशासकीय प्रदेशात) व प्राथमिक की माध्यमिक शाळेत जायला आवडेल, हेही विचारतात. मात्र पसंती दिली म्हणजे पॅरिस मिळेलच असे नाही, आणि छोट्या गावाची तयारी दाखवणारा उमेदवार शहाणा, असे माझे मत आहे. या अर्जासाठी एजंटची गरज नसते. त्याला पैसे देऊ नयेत.

कागदपत्रांत सर्वांत आधी जन्मदाखला तपासावा. फ्रेंच प्रशासनाला आईवडिलांची नावे असलेला दाखला हवा असतो आणि सामाजिक सुरक्षा क्रमांकासाठी तोच पुन्हा मागितला जातो. गोव्यात जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या असल्याने वडिलांचे आडनाव दाखल्यावर ‘नाईके’सारख्या जुन्या स्पेलिंगने आणि तुमच्या पासपोर्टवर ‘नाईक’ असे आढळू शकते. ‘प्रभू’चे ‘पोरोबो’ झालेली घरेही कमी नाहीत. आपल्या निबंधकाला यात काही वावगे दिसत नाही, फ्रान्समधल्या कारकुनाला मात्र ती दोन वेगळी माणसे वाटतात. अशी तफावत असेल, तर ती निवडीची वाट न पाहता आधीच दूर करावी. स्वतःचेच नाव बदलायचे असल्यास गोवा नाव व आडनाव बदल कायदा, १९९० लागू होतो. त्यानंतर दाखल्याचे राज्य सरकारकडून प्रमाणन, परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) आणि शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच भाषांतर अशी क्रमवारी असते. शेवटच्या पंधरवड्यात ही धावपळ करायला लागल्यास ती पुरी होत नाही.

ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, त्यांनी भारतीय उमेदवार म्हणून अर्ज करू नये, कारण भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. युरोपीय संघाचे नागरिक असल्याने त्यांना फ्रान्समध्ये कामासाठी व्हिसा लागत नाही.

निवड झाल्यावर ज्या शैक्षणिक विभागात नेमणूक होते तेथून नेमणूकपत्र येते. व्हिसाचा अर्ज त्याच पत्राच्या आधारे करायचा असल्याने पत्रावरील नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट अक्षरशः जुळतात का, हे पत्र येताच पाहावे. गोवा फ्रान्सच्या मुंबईतील महावाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतो. व्हिसा तात्पुरत्या कामगाराच्या दीर्घ मुदतीच्या वर्गातला असतो आणि फ्रान्समध्ये पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो.

हातात येणारे मानधन महिन्याला सुमारे ८०० युरो असते. विमानाचे तिकीट आपले आपणच काढायचे असते आणि राहण्याची सोय शाळा करतेच असे नाही. पहिला पगार महिनाअखेरीस, कधी त्याहूनही उशिरा, मिळतो. घरमालक मात्र अनामत व पहिले भाडे आधीच मागतो. तेवढी रक्कम निघतानाच जवळ असावी.