डॉट मोबी कशासाठी काढलं होतं आणि एम डॉटवर काम का भागलं

नवीन साईटसाठी डॉट मोबी, म्हणजे डॉट कॉमसारखंच पत्त्याच्या शेवटी येणारं एक्स्टेन्शन, घ्यावं का, असं अजूनही अधूनमधून कोणीतरी विचारतंच, कारण रजिस्ट्रारच्या, म्हणजे साईटची नावं विकणाऱ्या कंपनीच्या, यादीत ते दिसतं आणि नावातच मोबाईल असल्यामुळे आपल्या कामाचं वाटतं. पण ज्या कामासाठी हे एक्स्टेन्शन काढलं ते काम पुढे भलत्याच मार्गाने झालं, आणि ते कसं झालं हे कळल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

वॅपच्या, म्हणजे फोनवरच्या सुरुवातीच्या अगदी साध्या इंटरनेटच्या, काळात शिरत नाही, ते बहुतेकांना आठवत असेलच. २००४ मध्ये फोन बनवणाऱ्या, नेटवर्क चालवणाऱ्या आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या बड्या कंपन्या, एरवी एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या, एकत्र आल्या आणि मोबाईलसाठी वेगळं टॉप लेव्हल डोमेन, म्हणजे पत्त्याचं वेगळं शेपूट, मागितलं. जुलै २००५ मध्ये इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेशी करार झाला, मे २००६ मध्ये ट्रेडमार्कवाल्यांना आधी संधी मिळाली, सप्टेंबरअखेर सगळ्यांना खुलं झालं. कारभार आयर्लंडमधून चालायचा.

नुसतं नाव विकायचं असा मामला नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. नाव घेतलं की नियम पाळणं बंधनकारक होतं: पान एक्सएचटीएमएलच्या मोबाईल प्रोफाईलमध्ये, म्हणजे पानं लिहायच्या भाषेच्या फोनसाठीच्या छोट्या आवृत्तीत, हवं, फ्रेम्स, म्हणजे एकाच पानात वेगवेगळी पानं दाखवणारे कप्पे, नकोत, आणि पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता पत्ता उघडला पाहिजे. म्हणजे पत्ता बघूनच माणसाला कळावं की ही साईट माझ्या फोनवर नीट चालेल. तेव्हाच्या छोट्या स्क्रीनवर आणि किलोबाईटवर पैसे मोजायच्या दिवसांत हे आश्वासन खरंच मोलाचं होतं. २००८ मधल्या मोबाईल वेबच्या मार्गदर्शक तत्त्वांतसुद्धा १२० पिक्सेल रुंदी आणि एका पानाला २० किलोबाईट एवढंच धरून चाललं होतं.

खरा वाद मात्र मंजुरीच्या आधीच पेटला होता. वेब ज्यांनी जन्माला घातलं त्या टिम बर्नर्स-ली यांनीच २००४ मध्ये लिहून विरोध केला होता आणि मला तो आजही बिनतोड वाटतो. मुद्दा असा की पत्ता हा माहितीचा असतो, यंत्राचा नसतो. मी फोनवर एक पान वाचलं, लिंक तुम्हाला पाठवली, तुम्ही ती ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर उघडली, तर तुम्हाला तिथे चिमुकलं पान का दिसावं? शिवाय मोबाईल म्हणजे नक्की काय? छोटी स्क्रीन, स्लो नेटवर्क, की चालता चालता वापरणारा माणूस? डेटाकार्ड लावलेला लॅपटॉप यात धरायचा की नाही? आणि ब्राउझर पान मागतानाच सर्व्हरला सांगत असतो की मी अमुक आहे, त्यावरून हवं तसं पान देता येतं, मग ही निवड पत्त्यात कोरून ठेवायची गरजच काय. समर्थकांचं म्हणणं होतं की फोन ओळखायचं हे काम तेव्हा फार बेभरवशाचं होतं, शेकडो मॉडेल्स, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्यातही तथ्य होतं, नाही असं नाही, पण ती अडचण काही वर्षांची होती आणि डोमेन मात्र कायमसाठी सुरू केलं गेलं.

टाईप करायलाही फायदा नव्हता. जुन्या बटणांच्या फोनवर कॉमला सात वेळा बटण दाबावं लागायचं, मोबीला नऊ वेळा.

तरी सुरुवातीला नावांवर उड्या पडल्या, २००६ मध्येच फ्लॉवर्स डॉट मोबी लिलावात दोन लाख डॉलरला गेलं. नंतर तेच नाव काही हजारांत विकलं गेलं. मधे काय झालं? ओपेरा मिनी हे ब्राउझर त्याच वर्षी जगभर सुरू झालं, ते आपल्या सर्व्हरवर साधी साईट पिळून लहान करून स्वस्त फोनवर आणायचं, भारतात तर ते घरोघरी पोचलं. २००७ मध्ये आयफोनने पूर्ण पान दाखवायला सुरुवात केली. आणि साईटवाल्यांनी एम डॉट लावलं, म्हणजे आपल्याच पत्त्याच्या आधी एम आणि टिंब लावून फोनसाठीची साईट काढली, त्याला नवं नाव विकत घ्यावं लागत नाही, मूळ डोमेन तेच असल्याने लॉगिनची कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली छोटी नोंद, दोन्हीकडे चालवता येते, डॉट मोबीवर ती जातच नाही. २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह डिझाईनची कल्पना आली, एकच पान, रुंदीप्रमाणे बदलणारं, मग एम डॉटची गरजही ओसरत गेली. त्याच वर्षी डॉट मोबी चालवणारी कंपनी दुसऱ्या एका रजिस्ट्रीने, म्हणजे एक्स्टेन्शन चालवणाऱ्या कंपनीने, विकत घेतली. एप्रिल २०१५ पासून सर्च रँकिंगमध्ये मोबाईलवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकतं माप मिळू लागलं, तेही पान बघून, पत्त्याचं शेपूट बघून नव्हे.

अलीकडची गोष्ट जास्त काळजीची आहे. डॉट मोबीचा हूइज सर्व्हर, म्हणजे नाव कोणाच्या मालकीचं ते सांगणारा, मधे नव्या पत्त्यावर गेला आणि जुन्या पत्त्याचं डोमेन कोणी रिन्यूच केलं नाही. २०२४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी ते वीस डॉलरला घेतलं, तर काही दिवसांत १ लाख ३५ हजारांवर सिस्टिम्स त्यांच्याकडेच चौकशी करायला आल्या, त्यात सरकारी आणि लष्करी मेल सर्व्हरसुद्धा. साईट खरी असल्याचं डिजिटल प्रमाणपत्र देणारी एक संस्था तर एका बड्या कंपनीच्या डॉट मोबी नावासाठी संशोधकांचाच ईमेल मालकाचा म्हणून दाखवत होती. संशोधक तिथेच थांबले, त्यांनी प्रमाणपत्र मिळवलं नाही. त्यानंतर हूइजमधल्या ईमेलवरून मालकी पडताळायची पद्धतच २०२५ मध्ये बंद झाली, आणि ते फक्त डॉट मोबीपुरतं नाही, सगळ्याच एक्स्टेन्शनसाठी.