सुगम्यता वेगळी, वैयक्तिक सोय वेगळी: विद्यापीठाच्या ग्रंथालयात हा फरक का कळायला हवा

अपंग विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयात काय काय आहे असं विचारलं, की उत्तर एका दमात येतं: रॅम्प, लिफ्ट, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) बसवलेला संगणक, मागाल ते पुस्तक रॅकमधून काढून देणारा कर्मचारी, पुस्तक परत करायला वाढीव मुदत. यादी खरी असते आणि बहुतेक वेळा तिच्यामागे कुणाची तरी मनापासूनची धडपड असते. पण तिच्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. रॅम्प ही सुगम्यता. उद्या कोण येणार आहे हे ठाऊक नसतानाच तो बांधलेला असतो. पुस्तक काढून देणं, मुदत वाढवणं ही वैयक्तिक सोय. एक विशिष्ट वाचक येतो, आपली गरज सांगतो आणि मग त्याच्यापुरती व्यवस्था होते.

अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. सुगम्यता कलम ९ मध्ये आहे, तर वाजवी सोयीची, म्हणजे आपण जिला वैयक्तिक सोय म्हणतो तिची, व्याख्या कलम २ मध्ये. करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१४ साली हा फरक आणखी उलगडून सांगितला. सुगम्यता समूहासाठी असते आणि मागणी येण्याआधीच ती द्यायची असते. सोय एका व्यक्तीसाठी असते आणि गरज समोर आली की लगेच द्यायची असते. सोय देताना संस्थेवर अवाजवी बोजा पडत असेल तर ती नाकारता येते. सुगम्यतेच्या बाबतीत मात्र खर्चाची सबब चालत नाही. त्यामुळे मुळात सुगम्यतेत मोडणाऱ्या कामाला ‘कुणी मागितलं तर बघू’ असं म्हटलं, की संस्थेची जबाबदारी गुपचूप विद्यार्थ्याच्या खांद्यावर जाते.

प्रत्यक्षात हे ओळखायची साधी खूण आहे: विचारावं लागतं का? रॅम्प आहे, पण त्याच्या टोकाचं दार बंद असतं आणि किल्ली सुरक्षारक्षकाकडे, तर कागदावर ती सुगम्यता असली तरी विद्यार्थ्यासाठी ती रोज मागून घ्यायची सोय झाली. रक्षक जेवायला गेला असेल तर तीही नाही. स्क्रीन रीडरचा संगणक एका वेगळ्या खोलीत आहे, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, पण ती खोली कार्यालयीन वेळेतच उघडते. तिथेही तेच. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. तो वाचनकक्षातल्या प्रत्येक संगणकावर असेल, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याला आपल्या मित्रमैत्रिणींच्या शेजारी बसता येईल.

या फरकाचा सगळ्यात खोल परिणाम रॅकपाशी दिसतो आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनुसार दोन रॅकमधली वाट किमान ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर रुंद हवी. व्हीलचेअर गोल वळवायला मात्र ६० इंच व्यासाची मोकळी जागा लागते. म्हणजे वाट पुढे बंद असेल, तर आत गेलेल्याला उलटं येण्यावाचून इलाज नाही. शिवाय ही मानकं ग्रंथालयातल्या रॅकच्या उंचीवर बंधन घालत नाहीत. वरच्या फळीवरचं पुस्तक कुणीतरी काढून देईल, हे गृहीत आहे. थोडक्यात, वाट सुगम्य आणि फळी सोयीवर सोपवलेली.

कर्मचारी तत्पर असेल तर मागितलेलं पुस्तक दोन मिनिटांत हातात येतं. मग बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की मुक्तद्वार पद्धतीत विद्यार्थ्याने स्वतः रॅकपर्यंत जायचं ते मुळी न मागितलेल्या पुस्तकासाठी. वर्गांकानुसार, म्हणजे विषयवार दिलेल्या क्रमांकानुसार, लावलेल्या ग्रंथांत एका विषयाचे ग्रंथ शेजारी शेजारी येतात. एक शोधायला गेलं की डावीकडचं जाडजूड खुणावतं, उजवीकडचं जुनं काढून आपण अनुक्रमणिका चाळतो आणि कधी कधी प्रबंधाची दिशाच बदलते. ज्याची पुस्तकं काउंटरवर आणून दिली जातात, त्याला हे शेजार कधीच मिळत नाही. त्याला नाव माहीत असलेलंच पुस्तक मिळतं. शिवाय दहा पुस्तकं मागवून नऊ न वाचता परत करताना इतकं अवघडायला होतं, की पुढच्या वेळी तो तीनच मागवतो. म्हणून ऑनलाइन कॅटलॉगमध्ये वर्गांकानुसार शेजारची पुस्तकं अनुक्रमणिकेसह पाहता येणं आणि जास्त वापराचे ग्रंथ मधल्या फळ्यांवर ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. दोन्हींसाठी इमारत पाडावी लागत नाही.

डिजिटल संग्रहातही हीच गोष्ट आहे. पान नुसतं स्कॅन करून ठेवलं तर स्क्रीन रीडरच्या लेखी ते एक चित्र, त्यात वाचण्याजोगं काहीच नाही. अक्षरओळख, म्हणजे ओसीआर, केल्यावरही दोन स्तंभांची पानं आडवी वाचली जातात, तक्ते विस्कटतात, देवनागरीत ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची प्रमाण संगणकीय अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या मराठी पीडीएफची तऱ्हा आणखी वाईट. डोळ्यांना नितळ मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग असतो आणि स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो. अशा वेळी विद्यार्थी अर्ज करतो, कुणीतरी बसून मजकूर दुरुस्त करतं, प्रत तयार होते. तोवर वर्गातली चर्चा पुढच्या विषयावर गेलेली असते. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं. ते या वाचकालाही लागू आहे. मथळ्यांची नीट रचना आणि पानक्रमांक असलेली ईपब (ई-पुस्तकाचा एक प्रकार) आवृत्ती खरेदीच्या वेळीच मागितली असती, तर अर्ज करायची वेळच आली नसती.

मग सगळं सुगम्य केलं की वैयक्तिक सोयीची गरज उरणार नाही का? उरणार, नेहमीच. एकाला वाचायला झगझगीत उजेड लागतो, तर दुसऱ्याचं त्याच उजेडाने डोकं दुखतं. एकाला मोठ्याने बोलून टंकलेखन करावं लागतं, दुसऱ्याला शेजारची कुजबुजही सहन होत नाही. कोणतीही एक रचना या सगळ्यांना पुरणार नाही. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थिनीला ग्रंथालयाची ओळख करून देणाऱ्या व्हिडिओखाली मजकूर हवा. ती सुगम्यता झाली. पण ग्रंथपालाशी शोधविषयावर तासभर बोलायला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा आणि तो तिच्यासाठीच बोलवावा लागेल. ‘आमची इमारत पूर्ण सुगम्य आहे, आता आणखी काय हवं?’ हा प्रश्न याच घोळातून येतो आणि तो मागणाऱ्याला फार लागतो.

अशी सोय एकदाच करून पुष्कळांना उपयोगी पडावी, याचीही वाट आहे. २७ जून २०१३ रोजी स्वीकारलेला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आलेला मराकेश करार छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी आहे. या करारानुसार अधिकृत संस्थांना हक्कधारकाची परवानगी न घेता सुगम्य प्रत करता येते आणि करारात सहभागी असलेल्या दुसऱ्या देशातल्या अशा संस्थेला ती देताही येते. एका विद्यार्थ्यासाठी दुरुस्त केलेली प्रत काम झाल्यावर पुसून टाकण्यापेक्षा नोंद करून जपून ठेवली, तर पुढच्या पात्र वाचकाला ताटकळावं लागत नाही.

आपलेपणाचा प्रश्न इथेच येतो. स्वागताचे फलक चांगलेच, पण आपण इथले आहोत की पाहुणे, हे विद्यार्थ्याला कळतं ते दिवसातून किती वेळा स्वतःबद्दल खुलासा द्यावा लागतो यावरून. काउंटरवर नवा कर्मचारी आला की पुन्हा प्रमाणपत्र, पुन्हा तीच कहाणी, पाठीमागे रांग. एकदा दिलेली माहिती त्याच्या संमतीने सदस्यखात्यात नोंदवली, तर हे टळतं. मागण्यांची वही ठेवावी आणि सत्र संपल्यावर ती वाचावी. वेगवेगळ्या वाचकांकडून तीच मागणी येत असेल, तर ती सोयीच्या रकान्यातून काढून पुढच्या वर्षीच्या सुगम्यतेच्या कामात घालावी. वही रिकामी असेल, तर गरज नाही असं समजू नये. कुणाकडे मागायचं, हे संकेतस्थळावर ठळकपणे आणि एका व्यक्तीच्या नावानिशी लिहिलं आहे का, हे आधी पाहावं.