क्रोम प्लेटिंग कामगारांची लघवी तपासणी : ईएसआयचा दावा नेमका कुठे अडतो

क्रोम प्लेटिंगमध्ये, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा देताना, क्रोमियम अंगात जातं. त्यामुळे होणारे आजार कर्मचारी राज्य विम्याच्या (ईएसआय) व्यवसायजन्य रोगांच्या यादीत भाग ‘ब’मध्ये आहेत. अट एवढीच, की विमाधारकाने अशा कामावर सलग किमान ६ महिने काढलेले असावेत. ईएसआय दवाखान्यात तक्रार नोंदवा, तिथून रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. आजार कामामुळेच झाला का, हे विशेष वैद्यकीय मंडळ ठरवतं.

घोळ होतो तो लघवीच्या नमुन्यापाशी. ‘सकाळी उपाशीपोटी या’ हे लॅबचं पालुपद इथे चालत नाही. अंगात गेलेल्या क्रोमियमचा मोठा भाग काही तासांतच लघवीवाटे निघून जातो, म्हणून नमुना द्यायचा तो आठवड्याची शेवटची पाळी सुटताना. भोसरी-पिंपरीत गुरुवारची सुट्टी असेल, तर बुधवारी. शुक्रवारी सकाळी दिलात तर आकडा उतरलेला येतो आणि तो ‘नॉर्मल’ रिपोर्ट फाइलमध्ये ठाण मांडून बसतो.

आधी कामाचे कपडे बदला, हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. बोटाला लागलेलं टाकीतलं पाणी बाटलीत पडलं तरी आकडा फुगतो. बाटली लॅबने दिलेली प्लास्टिकचीच हवी; घरच्या स्टीलच्या भांड्यात धरून ओतू नका, स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतंच. तपासणीच्या चिठ्ठीवर क्रिएटिनिनही (लघवी किती पातळ वा दाट हे दाखवणारा घटक) लिहून घ्या. ते लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली किंवा ३ ग्रॅमच्या वर आलं, तर नमुना फार पातळ किंवा फार दाट. पुन्हा द्यावा लागतो. हेक्साव्हॅलंट (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) वेगळं मोजा म्हणून लॅबशी वाद घालू नका. शरीरात त्याचं रूप बदलतं, लघवीत मोजतात ते एकूण क्रोमियम.

आणि वाढलेला आकडा म्हणजे आजार नव्हे, फक्त संपर्काचा पुरावा. नाकाच्या पडद्याला भोक, बोटांवरचे खोल व्रण, दमा, यांची तज्ज्ञ डॉक्टरांची नोंद सोबत हवीच.

कोणाकडेच नसतो तो कागद म्हणजे ६ महिन्यांचा पुरावा. पगारपत्रकावर ‘हेल्पर’, दर वर्षी ठेकेदार नवा, आणि ईएसआयच्या साहेबांना हवं ‘प्लेटर’ लिहिलेलं पत्र! ते कोण देणार? तेव्हा विमा क्रमांकावरचा वर्गणीचा तपशील काढा, क्रोमच्या टाकीवरची नेमणूक दाखवणारी मस्टरची किंवा पाळीपत्रकाची प्रत मिळवा. विमा क्रमांक दोन झाले असतील तर ते अर्जाआधी जोडून घ्या.

काम सोडून काही महिने झाले असतील, तर या तपासणीवर पैसे घालवू नका. जुना रिपोर्ट शोधा.